दहा मिलिमीटरचा रूळ

वाचकहो, महाराष्ट्रात तळेगावे थोडीथोडकी नाहीत. म्हणूनच आपल्या तळेगावला पुढे ‘श्यामजी पंत’ असे जोडून सांगावे लागते. नागपूरहून अमरावतीकडे निघालात, कोंढाळी गेली, कारंजा गेले, की वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले हे गाव लागते. गाव हमरस्त्यावरचे. संत्र्यांचे ट्रक, एस.टी.च्या गाड्या, मुंबई-कलकत्त्याकडची मालवाहतूक, सारे काही त्याच्या दारावरून जाते. पण आगगाडी मात्र या गावाच्या वाट्याला आली नाही. रूळ पाहायचे तर आर्वी गाठायची. आणि आर्वीला जी गाडी होती तीही मोठ्या रेल्वेची नव्हे, तर पुलगावहून येणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी.

आता तुम्ही म्हणाल, आजचे बोलणे आर्वीच्या गाडीवर आहे तर! आहे आणि नाहीही. मला बोलायचे आहे ते विलायतेतल्या एका छंदाविषयी. तिकडच्या जुन्या रेल्वेवरची डिझेल इंजिने, हुबेहूब पण हाताएवढी करून, कपाटात जमवण्याचा हा छंद. मोठी माणसे, पेन्शनीत निघालेली माणसे, त्यापायी पैसा आणि वेळ खर्च करतात. प्रथम ऐकताना हसू येते. मलाही आले होते. पण थोडे खोलात गेल्यावर ते हसू मावळले आणि आर्वीची गाडी आठवली. ती का आठवली, ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

आधी आपली गाडी पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची ‘जी.आय.पी.’, १८६७ साली नागपूरला पोचली. वऱ्हाडचा आणि वर्ध्याकडचा कापूस मुंबईच्या गोदीवर आणि तेथून मँचेस्टरला जाऊ लागला. पण मुख्य रेल्वेपासून आत असलेल्या गावांचा कापूस बैलगाडीनेच स्टेशनावर यायचा. ही उणीव भरून काढायला अरुंद रुळांचे फाटे टाकण्यात आले. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाची एक कंपनी होती आणि किलिक निक्सन ही तिची व्यवस्था पाहणारी पेढी. मूर्तिजापुराहून एक फाटा यवतमाळला गेला, दुसरा अचलपूरला. त्यांनाच पुढे लोकांनी लाडाने ‘शकुंतला’ म्हटले. तिसरा फाटा आपला, पुलगाव ते आर्वी, सुमारे ३५ किलोमीटरचा. तो १९१७ साली सुरू झाला. मालकी कंपनीची आणि गाड्या चालवायच्या मोठ्या रेल्वेने, असा हा संसार. देशातली बाकीची रेल्वे सरकारची झाली तरी हे फाटे कंपनीच्याच नावावर राहिले.

आज आर्वीच्या त्या रुळांवर गाडी नाही. ती बंद पडून बराच काळ लोटला. रूळ रुंद करण्याच्या योजना कागदावर कितीदा तरी निघाल्या. पण ती योजना पुरी झाली तरी छोटी गाडी काही परत येणार नाही. मग उद्या एखाद्या मुलाने विचारले, ‘आजोबा, ती गाडी केवढी होती हो?’ तर आपण काय दाखवणार? दोन्ही हात पसरून ‘एवढी’ म्हणणार. नेमके याच ठिकाणी विलायतेतला तो हसू आणणारा छंद उपयोगी पडतो.

हे बोलणे रेडिओवर असते तर मी एवढ्यावरच थांबलो असतो. पण आता ते छापून तुमच्या हाती आहे, तेव्हा एक करा. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. तिच्यावर चार मिलिमीटर मोजा. हा झाला एक फूट. म्हणजे खऱ्या वस्तूतला एक फूट प्रतिकृतीत चार मिलिमीटर होतो. हिशेब केलात तर हे प्रमाण सुमारे ७६ ला १ असे पडते. विलायतेत रेल्वेच्या प्रतिकृती बहुतेक याच प्रमाणात करतात आणि त्याला ‘डबल ओ’ म्हणतात. तिथले एक मध्यम आकाराचे डिझेल इंजिन घ्या. लांबी ४६ फूट ९ इंच, वजन सत्तर टनांच्या वर. या प्रमाणात ते १८७ मिलिमीटरांचे होते. पट्टीवर पाहा, एका हाताच्या वितीएवढे.

आता या प्रमाणातली एक गंमत सांगतो. विलायतेतल्या रुळांमधले अंतर ४ फूट साडेआठ इंच. चाराने गुणले तर प्रतिकृतीचे रूळ जवळजवळ १९ मिलिमीटर रुंद हवेत. पण बाजारात मिळणारे रूळ आहेत साडेसोळा मिलिमीटरांचे. म्हणजे डौलदार मोठी गाडी अरुंद रुळांवर उभी आहे, जणू धिप्पाड माणसाने धाकट्या भावाच्या वहाणा घातल्या आहेत! हे कसे झाले? पूर्वी ‘ओ’ नावाचे मोठे प्रमाण होते, फुटाला सात मिलिमीटर. त्याचे निम्मे केले तर साडेतीन मिलिमीटर. रूळ त्या हिशेबाने साडेसोळाचे ठरले. युरोपातल्या इंजिनांना ते जमले. पण विलायतेतले बोगदे आणि पूल जुने नि चिंचोळे, म्हणून तिथली इंजिनेही अंगाने बारीक. साडेतीनच्या प्रमाणात त्यांच्या पोटात विजेची मोटर मावेना. मग इंजिनाचा देह तेवढा चाराच्या प्रमाणात मोठा केला आणि रूळ तसेच ठेवले. शंभर वर्षे होत आली, ती तडजोड अजून चालू आहे. जाणकार संग्राहक हे जाणतो, कुरकुरतो आणि तरी इंजिन विकत घेतो.

या छंदाच्या इतिहासात एक नाव टाळता येत नाही. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी. भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचा जो ‘मेकॅनो’ खेळ, तो त्यांचा. १९०१ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. १९२० साली त्यांच्या कारखान्यातून चावीची आगगाडी निघाली आणि १९३८ साली विजेवर चालणारी छोटी ‘हॉर्नबी डब्लो’. तेव्हा अर्थातच सारी इंजिने कोळशाची. धूर, भोंगा, फिरते दांडे ही मुलांच्या मनातली आगगाडी. डिझेलचे इंजिन म्हणजे एक लांबट पेटी. तिच्यावर कोणाचा जीव जडणार? मोठ्या रेल्वेत डिझेल आले तेव्हा स्टेशनाच्या कठड्यावर बसून इंजिनांचे नंबर टिपणारी विलायती पोरे म्हणे नाक मुरडीत.

पण खेळण्यांच्या कारखानदारांना काळाबरोबर जाणे भाग होते. १९५७ साली विलायतेत डी-८००० या नंबराचे हजार अश्वशक्तीचे डिझेल इंजिन रुळांवर आले आणि दुसऱ्याच वर्षी, १९५८ साली, हॉर्नबी डब्लोच्या खोक्यातून त्याची प्रतिकृती दुकानात आली. मघाशी आपण पट्टीवर मोजले ते हेच इंजिन. मोठे डी-८००० आज तिकडच्या राष्ट्रीय संग्रहात जपलेले आहे. म्हणजे मूळही आहे आणि प्रतिकृतीही आहे. पण दर वेळी असे घडले नाही.

त्याचे कारण समजायला त्या वर्षांचा इतिहास पाहायला हवा. विलायतेत मुख्य मार्गावरचे पहिले डिझेल-विद्युत इंजिन १९४७ च्या डिसेंबरात डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडले. नंबर १००००. त्यानंतर महिन्याच्या आतच, १ जानेवारी १९४८ ला, तिथली सगळी रेल्वे सरकारची झाली. पुढची काही वर्षे कोळशाचीच इंजिने बनत राहिली, कारण कोळसा घरचा आणि तेल परक्याचे. मग १९५५ साली मोठी आधुनिकीकरणाची योजना जाहीर झाली आणि एकदम घाई सुटली. आधी ठरले होते की निरनिराळ्या कारखान्यांकडून १७४ इंजिने घ्यावीत, नीट पारखावीत आणि मग चांगली निवडून मोठी मागणी द्यावी. विचार शहाणपणाचा होता. पण पारख पुरी होण्याआधीच शेकड्यांनी मागण्या गेल्या. ज्या कारखान्यांची सारी हयात वाफेच्या इंजिनांत गेली होती, त्यांनाही डिझेलचे काम मिळाले.

परिणाम काय झाला? मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने १९५८-५९ मध्ये वीस इंजिने दिली. त्यांची ठेवण मोठी विचित्र. एका टोकाला सहा चाके आणि दुसऱ्या टोकाला चार. त्यामुळे नाव पडले ‘को-बो’. लंडन-ग्लासगो रात्रीच्या मालगाडीसाठी ती नेमली. थोड्याच दिवसांत त्यांची यंत्रे रुसू लागली. १९६१ साली सगळीच्या सगळी दुरुस्तीला कारखान्यात परत धाडावी लागली आणि १९६८ पर्यंत ती सेवेतून गेली. आता नियतीची थट्टा पाहा. ज्या १९६१ साली मोठी को-बो दुरुस्तीला पडली होती, त्याच सुमारास हॉर्नबीने तिची प्रतिकृती विकायला काढली! जगभरच्या पोरांनी ती घेतली. मोठ्या वीसांपैकी आज एकच उरली आहे, कारण तिला संशोधनाच्या कामाला ठेवले होते. छोट्या मात्र कितीतरी कपाटांत सुखरूप आहेत.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी. १९०३ साली तीन कारखाने एकत्र येऊन ती झाली आणि तिची वाफेची इंजिने साऱ्या जगभर, हिंदुस्थानातही, धावली. डिझेलच्या काळात तिने जर्मन धर्तीची, तेलाच्या दाबाने चाके फिरवणारी इंजिने केली. पश्चिम विलायतेसाठी अशी ५८ इंजिने तिने दिली. दहा-बारा वर्षांत, म्हणजे १९७२ उजाडेपर्यंत, ती साऱ्यांच्या सारी सेवेतून निघाली आणि भंगारात गेली. अठ्ठावन्नांतले एकही उरले नाही. कंपनी तर त्याआधीच १९६२ साली बुडाली होती. पण त्याच कंपनीने १९५५-५६ च्या सुमारास आपल्या देशाला वीस डिझेल इंजिने विकली होती, मीटरगेजची, गांधीधामकडच्या भागासाठी. आपल्या रेल्वेच्या भाषेत ती ‘वाय.डी.एम.-१’. ग्लासगोच्या त्या अठ्ठावन्नांचे रूप आज कोणाला पाहायचे असेल तर फोटो आहेत, नकाशे आहेत आणि आहेत त्या विकत मिळणाऱ्या छोट्या प्रतिकृती. हातात धरता येईल असा त्यांचा पुरावा तोच.

तो १००००-नंबरी पहिला वीरसुद्धा १९६८ साली भंगारवाल्याच्या हाती पडला. राष्ट्राने आपले पहिले इंजिन जपले नाही, पण प्रतिकृती करणाऱ्यांनी जपले. एवढेच नव्हे, तर काही हौशी माणसांनी मंडळ स्थापून ते पुन्हा पूर्ण आकारात उभे करण्याचे काम हाती घेतले आहे.

म्हणून मी म्हणतो, संग्राहकाचे कपाट म्हणजे खेळण्यांचे दुकान नव्हे. त्याचे काम कसे चालते ते पाहा. एकच इंजिन तो चार वेळा घेतो. आपण म्हणू, वेडा आहे. पण पहिले हिरव्या रंगाचे, दुसरे हिरवेच पण तोंडावर पिवळा पट्टा असलेले, तिसरे १९६५ नंतरच्या निळ्या रंगातले, आणि चौथे निळेच पण १९७३ च्या आसपास नंबर बदलले त्यानंतरचे. ही जणू एकाच माणसाची चार वयांतली छायाचित्रे. नंबर चुकीचा, पट्टा चुकीचा, तर तो प्रतिकृती परत करतो. कारखानदारही आता हे ओळखून आहेत. मूळ इंजिन कुठे शिल्लक असेल तर लेसरच्या यंत्राने त्याचा कोपरान् कोपरा मोजतात. शिल्लक नसेल तर जुने नकाशे शोधतात, फोटो ताडून पाहतात आणि जुन्या ड्रायव्हरांना विचारतात. वीतभर खेळण्यासाठी एवढे संशोधन! तळव्यावर मावणाऱ्या त्या वस्तूपाठीमागे दप्तरे उलगडलेली असतात.

आणि हा संग्रह टिकवणेही सोपे नाही. जुन्या काळी ही इंजिने जस्ताच्या मिश्रधातूत ओतीत. त्यात चुकून शिसे मिसळले, तर वीस-तीस वर्षांनी धातूला आतून रोग लागतो. प्रथम बारीक भेगा, मग फुगवटा, आणि एके दिवशी खोका उघडावा तो आत तुकडे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी गाड्या अशा गेल्या. त्यावर औषध नाही. तेव्हा प्रतिकृतीसुद्धा अमर नाही हे ध्यानात ठेवा. कोणीतरी सतत पाहत राहिले, तरच ती राहते.

इथे एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. ‘विलायतेतल्या पैसेवाल्यांचे हे चोचले. आपल्याला त्याचे काय? कापूस आपला गेला, इंजिने त्यांची आली, आणि आता त्यांच्या इंजिनांची खेळणी आपण कौतुकाने पाहायची?’ खरे आहे. ज्या गाडीने आर्वीचा कापूस वाहिला, ती काही आर्वीच्या भल्यासाठी टाकलेली नव्हती. पण त्याच गाडीने आपल्या माणसांना तालुक्याच्या बाजाराला नेले, लेकी माहेरी आणल्या, पोरे शिकायला पाठवली. गाडी टाकणाऱ्याचा हेतू काहीही असो, तिच्यात बसलेल्यांचे आयुष्य आपलेच होते. ते विसरले गेले तर त्याची भरपाई विलायत करणार नाही. तिथल्या कपाटातून घ्यायचे ते इंजिन नव्हे, मोजून ठेवण्याची सवय घ्यायची.

डिझेलची बाजू आपल्याकडे कशी घडली हेही पाहण्यासारखे आहे. विलायतेने दहा कारखान्यांकडून दहा तऱ्हांची इंजिने घेतली. आपण वेगळी वाट धरली. अमेरिकेच्या आल्को कंपनीचे एक चांगले इंजिन निवडले, ते बनवण्याची विद्या घेतली आणि वाराणसीला कारखाना काढला. तिथून १९६४ साली पहिले इंजिन बाहेर पडले. ते ‘डब्ल्यू.डी.एम.-२’ पुढे हजारोंनी झाले आणि कित्येक दशके देशभर राबले. या नावातली अक्षरेही समजून घ्या. पहिले अक्षर रुळांचे: रुंद रूळ तर डब्ल्यू, मीटरगेज तर वाय, अडीच फुटी तर झेड. दुसरे डी म्हणजे डिझेल. तिसरे एम म्हणजे सवारी नि माल दोन्ही ओढणारे. म्हणजे ‘झेड.डी.एम.’ असे कुठे लिहिलेले दिसले, की समजायचे आपल्या छोट्या गाडीच्या नात्यातले आहे.

आपल्या शकुंतलेलाही शेवटी डिझेल मिळाले. यवतमाळच्या मार्गावर १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षे राबले, असे तिच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. १९९४ च्या एप्रिलात ते उतरवले गेले आणि त्याच्या जागी डिझेल आले. वाफेच्या इंजिनाचे लोकांनी फोटो काढले, आठवणी लिहिल्या. पाठोपाठ आलेल्या डिझेलकडे फारसे कोणी पाहिले नाही. आता ती गाडीही थांबली आहे. आणि मोठ्या रेल्वेचे काय? रुंद रुळांवरची नेहमीची वाफेची गाडी १९९५ साली गेली. आता जिकडे तिकडे वीज आली. वाराणसीच्या कारखान्याचे नावसुद्धा २०२० साली बदलले आणि तिथे विजेची इंजिने बनू लागली. म्हणजे कोळशाच्या इंजिनाला जुने करणारे डिझेल आज आपणच जुने झाले आहे. ज्याच्याकडे कोणी प्रेमाने पाहत नाही, तेच आधी हरवते. विलायतेत साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे घडले, ते आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे.

आपल्याकडे हा छंद अगदीच नाही असे मात्र समजू नका. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर छंद म्हणून जमवलेल्या गाड्यांतून ते उभे राहिले आणि १९९८ साली लोकांना खुले झाले. तिथे एक अख्खे छोटे शहर मांडलेले आहे. रस्ते, सिग्नल, पूल, आणि त्यातून धावणाऱ्या वाफेच्या, डिझेलच्या, विजेच्या गाड्या. दिवे मालवून रात्र केली, की पोरांबरोबर थोरही टाचा उंचावून पाहतात. एका माणसाचे वेड पुढे पुण्यातल्या मुलांच्या सुट्टीचा भाग झाले. इकडे नागपुरात मोतीबागेला, २००२ साली, अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय झाले. तिथे खरी छोटी इंजिने उभी आहेत. तळेगावहून नागपूर काही फार लांब नाही. मुलांना घेऊन एक दिवस जरूर जा. अडीच फुटी रूळ म्हणजे काय, ते त्यांना हाताने चाचपू द्या.

आता पुन्हा ती पट्टी हातात घ्या. मघाचा हिशेब आपल्या गाडीला लावू. आर्वीच्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे. फुटाला चार मिलिमीटर. अडीच चोक दहा! नेमके दहा मिलिमीटर, ना कमी ना जास्त. आणि पुलगावला जी मोठी रेल्वे जाते तिचे रूळ साडेपाच फुटांचे. साडेपाच चोक बावीस. म्हणजे ज्या प्रमाणात विलायतेच्या स्वतःच्या रुळांचा हिशेब कधी सरळ बसला नाही, त्यात आपले पुलगाव जंक्शन पूर्णांकात बसते: एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला बावीस. पाचवीतल्या मुलालाही हे गणित यावे. बाजारात दहाचे रूळ मिळत नाहीत, नवाचे मिळतात. न का मिळेनात. पुठ्ठ्यावर दोन रेघा ओढायला कारखाना लागत नाही.

आणि साऱ्या मार्गाची प्रतिकृती करायची म्हटली तर केवढी होईल? पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटर भागिले ७६. उत्तर येते सुमारे ४६० मीटर. अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. तळेगावच्या रस्त्याने पाच-सहा मिनिटे चालावे एवढे अंतर. ज्या गावाला कधी रेल्वे मिळाली नाही, त्या गावाच्या एका रस्त्यावर पुलगाव-आर्वीची सगळी रेल्वे मावते.

तेवढी कोणी करणार नाही हे मलाही कळते. पण एक स्टेशन करता येईल. आर्वीचे स्टेशन, एक इंजिन, दोन डबे. त्यासाठी आधी मोजावे लागेल, आणि मोजण्यासाठी आधी जाऊन पाहावे लागेल. जे काही उरले असेल, एखादी भिंत, फलाटाची कड, रुळांखालची खडी, त्याला टेप लावावी लागेल. जे उरले नसेल ते विचारावे लागेल. त्या गाडीतून प्रवास केलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. डब्याचा रंग कोणता होता? बाक लाकडाचे होते का? दार बाहेर उघडे की आत? गाडी पुलगावला किती वाजता पोचायची? हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात नसतात आणि परीक्षेलाही येत नाहीत. पण प्रतिकृती करायला बसलेल्या मुलाला ते विचारल्यावाचून गत्यंतर नसते. डब्याचा रंग ठाऊक नसेल तर त्याचा ब्रश हवेतच थांबतो. पुस्तक लिहिणारा ‘त्या काळी एक रेल्वे होती’ असे लिहून पुढे जाऊ शकतो. प्रतिकृती करणाऱ्याला अशी पळवाट नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या शाळेच्या मास्तरांनी, ग्रंथालयाच्या मंडळींनी, किंवा तुम्ही स्वतःच एखाद्या रविवारी हे मनावर घ्यावे. एक वही, एक टेप, एक शिसपेन्सिल. आर्वीला जा, पुलगावला जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तो ‘एवढी’ म्हणून हात पसरील तेव्हा त्या दोन हातांमधले अंतर मोजून घ्या. वहीत लिहा. शेजारी तारीख घाला, आणि सांगणाऱ्याचे वय. प्रतिकृती नंतर केव्हाही होईल. पुठ्ठा काय, उद्याही मिळेल.

सांगणारी माणसे मात्र उद्या मिळतीलच असे नाही. म्हणून आधी त्यांच्याकडे जा.